पाठटाचण ते अध्ययन निष्पत्ती : पार्श्वभूमी

टाचण, म्हणजे तासाआधी शिक्षकाने लिहिलेला पाठाचा आराखडा, आपल्या शाळांत आले ते शिक्षक-प्रशिक्षणाच्या वाटेने. एकोणिसाव्या शतकातल्या एका जर्मन तत्त्वज्ञाच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या ठरवल्या. ती ‘पंचपदी’ डी.एड., बी.एड.च्या सरावपाठांत पिढ्यान्‌पिढ्या घोटली गेली. पुढे ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य अशी उद्दिष्टे टाचणात आली.

खरा गुंता १९९१ नंतरचा. त्या वर्षी राष्ट्रीय पातळीवर ‘किमान अध्ययन क्षमता’ ठरल्या आणि मुलाला नेमके काय करता आले पाहिजे, हे इयत्तावार लिहिले गेले. मोघम उद्दिष्टांपुढे हे मोठेच पाऊल होते. पण क्षमतांचे इतके बारीक तुकडे झाले की एकेक शिकवायची, नोंदवायची आणि पुढे जायचे, अशी सवय लागली. २०१७ मध्ये शिक्षण हक्काच्या नियमांत ‘अध्ययन निष्पत्ती’, म्हणजे शिकण्यातून मुलाला शेवटी काय यावे याच्या अपेक्षा, आल्या, तेव्हा अनेकांनी जुन्या क्षमतेवर फक्त नवे नाव चिकटवले. त्यामुळे आजही ‘आजच्या तासाची निष्पत्ती’ असा रकाना टाचणात दिसतो. हे चूक आहे. प्रमाणित एककांत लांबी मोजणे ही निष्पत्ती एका तासात येत नाही. आधी वितीने, पावलाने मोजणे, मग अंदाज करणे, पट्टीचे शून्य कडेला नीट जुळवणे, चुकणे आणि पुन्हा मोजणे, असे बरेच तास त्यात जातात. एका तासाची अपेक्षा याहून लहान हवी आणि ती मुलांना कळेल अशी हवी : ‘आज प्रत्येकाने आपल्या वहीची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून लिहायची.’ हे वाक्य फळ्यावर हवे. पाठ्यपुस्तकातला निष्पत्तीचा सांकेतिक क्रमांक टाचणात उतरवला जातो, हे वाक्य मात्र बहुतेकदा कुठेच नसते.

२०२१ पासूनच्या पायाभूत साक्षरता अभियानाने अपेक्षा पुन्हा आकड्यांत मांडली : तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत. आकडा पालकांना चटकन कळतो, हा त्याचा फायदा मोठा आहे.

टाचण रोज लिहावे की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत आणि त्यांत तयारीचे तासही मोजले आहेत. टाचणाचा नमुना मात्र एक शिक्षक, एक वर्ग, एक तास असाच राहिला. द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एकत्र घेणाऱ्या बाईंना एकाच तासाला दोन टाचणे काढावी लागतात.