उभ्या मर्सिडीजचं दुखणं

कोल्हापुरात जुनी जर्मन गाडी म्हटलं की छत्रपती घराण्याची मेबॅक आठवते. दसऱ्याला ती दसरा चौकात आली की सोनं लुटायला आलेली माणसं आधी मोबाइल वर काढतात. ती गाडी १९३०च्या दशकातली, पण तिची निगा राखली जाते. इथे विषय तिच्या गरीब भाऊबंदांचा आहे. कुणाच्या आजोबांनी हौसेनं घेतलेली मर्सिडीज २४० डी किंवा फोक्सवॅगन बीटल, आता कडब्याशेजारी शेडमध्ये उभी, चारही टायर बसलेले. नातवाला एक दिवस हुक्की येते आणि गाडी टोचन लावून उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापुरातल्या गॅरेजांच्या वस्तीत, आणली जाते. मीटरवर ऐंशी हजार किलोमीटर असतात. नातू खूश असतो, ‘फार चाललेलीच नाही’ म्हणून. मेस्त्री मात्र तेवढ्यानंच काळजीत पडतो.

कारण ही इंजिनं चालण्यासाठीच केलेली होती. ग्रीसमधल्या एका टॅक्सीचालकानं आपल्या १९७६ सालच्या २४० डीवर ४६ लाख किलोमीटर काढले. इंजिनं आलटूनपालटून बसवली, पण गाडी तीच. २००४ मध्ये ती मर्सिडीजच्या संग्रहालयात गेली. रोज गरम होणारं, रोज तेल फिरणारं इंजिन फार हळू झिजतं. बंद शेडमधल्या गाडीत झीज शून्य, पण रबर, ब्रेक ऑइल, पेट्रोल, पत्रा यांची रसायनं चालूच असतात. त्यांना किल्ली लागत नाही.

याचा पहिला दाखला गमतीदार असतो. २४० डी मोठ्या मेहनतीनं सुरू होते, सगळे टाळ्या वाजवतात, आणि मग ती बंदच होत नाही. किल्ली काढून हातात घेतली तरी इंजिन आपलं धडधडतंय. भुताटकी वगैरे काही नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. या इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या सुमारे एकविसाव्या भागात दाबली जाते, त्यानं ती इतकी तापते की डिझेल स्वतःहून पेटतं. त्यामुळे वीज तोडून उपयोग नसतो, डिझेलच तोडावं लागतं. १९७६ ते १९८६ या काळात बनलेल्या, डब्ल्यू १२३ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मालिकेत हे काम व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा काढून घेतलेल्या नळीतल्या ओढीवर, चालतं. इंजिनावर एक छोटा व्हॅक्यूम पंप असतो. किल्ली फिरवली की नळीतून ओढ लागते, डिझेल पंपावरचा रबरी पडदा खेचला जातो आणि पुरवठा बंद होतो. ज्या गाड्यांना सेंट्रल लॉकिंग आहे, त्यांची दारंही याच ओढीवर बंद होतात. कुठल्यातरी कोपऱ्यातला नखाएवढा रबरी जोड तडकला की ओढ तिथून गळते. मग बॉनेट उघडून ‘स्टॉप’ लिहिलेला लिव्हर दाबून इंजिन बंद करायचं, आणि हातपंप व व्हॅक्यूम मोजणारं घड्याळ लावून एकेक नळी तपासत बसायचं. किचकट काम, पण महागडं मुळीच नाही. अशी गाडी ‘पंप गेला’ म्हणून भंगारात घालणारे लोक पाहिले की हळहळ वाटते.

रबर का तडकतं, हे पाहण्यासारखं आहे. रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या, आणि गंधकाबरोबर तापवलं की या साखळ्यांमध्ये आडवे सांधे पडतात. हा शोध चार्ल्स गुडइयर यांचा, १८३९चा. सांधे मोजके असतील तर रबर लवचिक राहतं. पण हवेतल्या ऑक्सिजनमुळे वर्षानुवर्षं नवे सांधे पडत राहतात आणि रबर कडक होतं. ओझोनची तऱ्हा वेगळी. तो साखळीतले दुहेरी बंध तोडतो, तेही जिथे रबर ताणलेलं असेल तिथे आधी. म्हणून नळीला वळण असेल तर भेगा वळणाच्या बाहेरच्या बाजूला, ताणाला काटकोनात दिसतात. अंगठ्यानं नळी वाकवून पाहणारा मेस्त्री नेमकं हेच बघत असतो.

आता नवं रबर टाकायचं, पण कुठलं? इथे पुष्कळ गॅरेजांत गडबड होते. ईपीडीएम नावाचं रबर ऊन आणि ओझोनला दाद देत नाही, पण पेट्रोल किंवा तेल लागलं की फुगतं. नायट्राइल रबर तेलात टिकतं, ओझोनपुढे हरतं. फ्लोरोकार्बन रबर दोन्ही सोसतं, पण खिशाला झोंबतं. ब्रेकच्या रबरी वॉशरांची गोष्ट आणखी उलटी. ब्रेक ऑइल ग्लायकॉल वर्गातल्या रसायनांचं असतं, त्यात ईपीडीएम सुखानं नांदतं. तिथे कुणी साधं इंजिन ऑइल लावून वॉशर बसवला, तर काही दिवसांत तो फुगून अडकणार.

हे ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उभ्या गाडीला दुसरा उद्योगही नसतो. डॉट ४ या दर्जाच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की १५५ अंशांपर्यंत खाली आला तरी तो नियमात बसतो. अशी गाडी घेऊन गगनबावड्याहून करूळ घाट उतरायला घेतला, तर ब्रेक तापून आतलं पाणी उकळतं. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो, वाफ मात्र दाबली जाते. पेडल फळीला टेकतं आणि गाडी थांबत नाही. म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी ब्रेक खोलायचे. रंगाची चर्चा त्यानंतर.

पेट्रोल गाड्यांचं नवं दुखणं तर आपल्याच शिवारातून आलंय. कोल्हापूरच्या साखर कारखान्यांच्या मळीपासून इथेनॉल होतं आणि ते पंपावरच्या पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. २०२५ मध्ये हे प्रमाण देशभर २० टक्क्यांवर गेलं. ऊसवाल्याला दोन पैसे मिळाले, चांगलंच झालं. पण १९६०-७०च्या दशकातल्या बीटलचा कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, हे इंधन डोळ्यांसमोर ठेवून केलेला नव्हता. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला नऊच किलो. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो ना. वीस टक्के मिश्रणाला साधारण १३.५ किलो पुरते. आधुनिक गाडीचा संगणक धुराड्यातला ऑक्सिजन मोजून इंधन वाढवतो. कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही. तो जुन्याच हिशेबानं इंधन सोडतो आणि मिश्रण आठ टक्क्यांच्या आसपास दुबळं पडतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं. रेडिएटरच नसलेल्या, हवेवर थंड होणाऱ्या बीटलच्या इंजिनाला ही जादा गरमी परवडत नाही. इथेनॉलनं ऑक्टेन, म्हणजे इंधनाची अवेळी न पेटण्याची ताकद, वाढतो हे खरं, पण ते या तक्रारीवरचं औषध नव्हे.

उपाय पितळेच्या एका बारीक स्क्रूएवढा आहे. कार्बोरेटरच्या मेन जेटवर, म्हणजे इंधन मोजून सोडणाऱ्या भोकाच्या स्क्रूवर, कोरलेला आकडा भोकाचा व्यास सांगतो, १३० म्हणजे १.३० मिलिमीटर. प्रवाह आठ टक्क्यांनी वाढवायचा तर क्षेत्रफळ तेवढं वाढवायचं, म्हणजे व्यास चारच टक्क्यांनी. १३० काढून १३५ बसवला की हिशेब जवळपास जुळतो. पुढचं प्लगचा रंग बघून ठरवतात. पांढराफटक प्लग म्हणजे अजून दुबळं, काळा म्हणजे जास्त झालं, फिकट तपकिरी हवा. मात्र वर्षभर उभ्या गाडीत हे पेट्रोल ठेवू नये. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की दोघं मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. इंधन खेचणारी नळी नेमकी तळालाच असते.

गंजाबद्दल थोडक्यात. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरला की तो पत्रेच फाकवतो. वरून पुट्टी आणि रंग मारलेली गाडी ओळखायची तर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावं. पुट्टीच्या जाड थरावर ते निसटतं. २०१९च्या महापुरात बुडालेल्या गाडीचे खालचे पोकळ बीम आतून तपासल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आता इंजिनाकडे. २४० डीचं चार सिलिंडरचं इंजिन, ओएम ६१६, कोल्हापूरकरांना अनोळखी नाही. पुण्याच्या बजाज टेम्पोनं, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सनं, हेच इंजिन मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर-बेंझच्या परवान्यानं इथे बनवलं आणि ट्रॅक्स या जीपमध्ये बसवलं. ज्या वडापमध्ये, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमध्ये, आपण गुडघे पोटाशी घेऊन गावाकडे गेलो, तिच्या बॉनेटखाली मर्सिडीजचं इंजिन होतं. त्यामुळे या एका मॉडेलच्या मालकाला सुट्या भागांसाठी मर्सिडीजच्या गावाकडे, जर्मनीतल्या स्टुटगार्टकडे, डोळे लावायची गरज बरीच कमी होते.

तरी पिस्टन मागवण्याआधी बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजावाच. मर्सिडीजनं हे इंजिन दोन मापांत केलं. आधी बोअर ९१.० मिलिमीटर आणि क्षमता २४०४ सीसी, नंतर ९०.९ आणि २३९९. फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा. तेवढ्यानं काय होतंय, असं वाटेल. पण पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर ओतीव लोखंडाचा. तापमान शंभर अंशांनी वाढलं की एवढ्या व्यासाचा पिस्टन ०.२ मिलिमीटर फुगतो आणि सिलिंडर त्याच्या निम्मा. उरलेली तफावत सांभाळायला ठेवलेली मोकळीक शतांश मिलिमीटरमध्ये मोजतात. ०.१ची चूक म्हणजे पिस्टन जाम, नाहीतर टकटक आवाज आणि निळा धूर.

जो भाग कुठेच मिळत नाही, तो ओतून घ्यायचा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या हाकेच्या अंतरावर असणं हे इथल्या गॅरेजांचं भाग्य. समजा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणारा ओतीव भाग, तडकलाय. जुनाच तुकडा वाळूत दाबून साचा घेतला तर? राखाडी ओतीव लोखंड थंड होताना लांबीत सुमारे एक टक्का आकसतं. चारशे मिलिमीटरचा मॅनिफोल्ड चार मिलिमीटरनं आखूड येईल आणि टोकाची भोकं इंजिनाच्या हेडवरच्या स्टडवर, म्हणजे आटे पाडलेल्या खुंट्यांवर, बसणारच नाहीत. म्हणून पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबायचा नमुना, मुद्दाम तेवढा मोठा करतात, आणि जिथे मशीनिंग होणार तिथे आणखी चरबी, म्हणजे घासून काढायला जादा जाडी, ठेवतात. पूर्वी पॅटर्नमेकरकडे त्यासाठी वाढीव खुणांची वेगळी पट्टीच असे. आता थ्रीडी स्कॅन करून संगणकात टक्का वाढवतात. जुना भाग उष्णतेनं वाकलेला असतो आणि स्कॅनर तो बाकही इमानदारीनं टिपतो. त्यामुळे हेडच्या बाजूचा पृष्ठभाग स्कॅनवर न सोडता स्टडच्या अंतरांवरून नव्यानं आखलेला बरा.

यात एक सरकारी अटही लक्षात ठेवावी लागते. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. डब्ल्यू १२३च्या सर्वांत आधीच्या गाड्या २०२६ पासून या वयात येतात. त्यामुळे ट्रॅक्सचं अख्खं इंजिन स्वस्तात मिळतंय म्हणून उचलून बसवण्याचा मोह आवरावा. मूळ नंबरचा ब्लॉक रिबोअर करून, म्हणजे सिलिंडर थोडा मोठा कातून, घ्यावा आणि ट्रॅक्सच्या दुकानातून फक्त मापाला जुळतील ते आतले भाग घ्यावेत.