फुटेज मूळचं आहे का, हे कसं कळतं?

पुण्यात कर्वे रस्त्यावर एखाद्या दुकानासमोर अपघात होतो. दुकानाच्या कॅमेऱ्यात तो टिपला जातो. संध्याकाळी दुकानदार फुटेज लावून दाखवतो आणि जमलेल्यांपैकी कुणीतरी मोबाइल काढून मॉनिटरवरचं चित्र शूट करतं. ती क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवरून नातेवाइकांकडे जाते, पोलिस चौकीत जाते, सगळीकडे फिरते. मूळ फुटेज मात्र डीव्हीआरमध्येच, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रातच राहतं आणि बारा दिवसांत पुसलं जातं.

बारा दिवस हा साधा हिशेब आहे. चार कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला २ मेगाबिट, म्हणजे मिळून सेकंदाला १ मेगाबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणून रोज सुमारे ८६ गिगाबाइट. १ टेराबाइटची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि डीव्हीआर सर्वांत जुन्या रेकॉर्डिंगवर नवं लिहायला लागतो. पुरावे बनावट निघतात म्हणून जेवढे वाया जातात, त्याहून जास्त असे गहाळ होतात असं आमचं मत आहे. म्हणून प्रयोगशाळेतल्या चाचण्यांआधी दुकानातल्या त्या पहिल्या तासाबद्दल बोलायला हवं.

सर्वांत आधी वेळ. डीव्हीआरचं घड्याळ क्वचितच बरोबर असतं. आतली बटणासारखी बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख मागे उडी मारते. एरवीही रोज काही सेकंद पुढेमागे होतातच. म्हणून डीव्हीआरच्या स्क्रीनवरची चालू वेळ आणि नेटवर्कवरून वेळ घेणाऱ्या मोबाइलची वेळ एकाच फोटोत घ्यावी, दोन्हींचे सेकंद दिसतील असा. समजा डीव्हीआरवर २१:१४:३७ आहे आणि मोबाइलवर २१:०६:१२. डीव्हीआर ८ मिनिटं २५ सेकंद पुढे आहे. मग फुटेजवर १८:४०:०० ला दिसणारी धडक प्रत्यक्षात १८:३१:३५ ची. हा फरक पंचनाम्यात लिहिला नाही, तर सहा महिन्यांनी मोबाइल टॉवरच्या नोंदी आणि फुटेज जुळत नाहीत, आणि अस्सल फुटेजवर संशय येतो.

मग निर्यात. बहुतेक डीव्हीआर दोन पर्याय देतात: कंपनीचा स्वतःचा फॉरमॅट, किंवा सगळीकडे चालणारी एव्हीआय अथवा एमपी४ फाइल. दुसरा सोयीचा वाटतो, पण त्यात अनेकदा चित्र पुन्हा दाबलं जातं (कॉम्प्रेस होतं), फ्रेमच्या वेळा बदलतात, कधी वेळेची पट्टीच गळते. मूळ फॉरमॅट घ्यावा, सोबत कंपनीचा प्लेअर घ्यावा, आणि घटनेच्या आधीची-नंतरची किमान दहा-दहा मिनिटं घ्यावीत. डीव्हीआरचं मॉडेल, अनुक्रमांक, कॅमेऱ्याचा चॅनल आणि सेकंदाला किती फ्रेमचं सेटिंग आहे तेही टिपून ठेवावं. या शेवटच्या आकड्याकडे पुढे यावंच लागेल.

फाइल हाती आली की तिथेच हॅश काढायचा. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या बिटांवरून गणिताने काढलेला ठसा. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षरांचा येतो, फाइल १० सेकंदांची असो वा १० तासांची. एक बिट जरी बदलला तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. एमडी५ आणि एसएचए-१ या जुन्या पद्धती अजून वापरात आहेत, पण एकच ठसा असलेल्या दोन वेगळ्या फाइल मुद्दाम बनवता येतात हे एमडी५ बाबत २००४ मध्ये आणि एसएचए-१ बाबत २०१७ मध्ये दाखवून दिलं गेलं. एसएचए-२५६ घ्यावा. हॅशमुळे एवढंच कळतं की ठसा काढल्यानंतर फाइल बदललेली नाही. त्याआधी कुणी काय केलं हे तो सांगत नाही, आणि म्हणूनच तो पहिल्या तासात काढायचा.

कायद्यानेही हे आता लिहून दिलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र लागतं त्याचे दोन भाग आहेत, एक नोंद सादर करणाऱ्या पक्षाने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. आणि दोन्हींत हॅश द्यावा लागतो. याआधीच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब खालच्या प्रमाणपत्राबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात निकाल दिला होता: मूळ उपकरण न्यायालयात आणलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच. तो खटला जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचा होता, आणि वाद होता उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या आत आले की नंतर, याचा. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातली व्हिडिओ चित्रफीत त्यासाठी पुरावा होती. म्हणजे तिथेही प्रश्न शेवटी घड्याळाचाच.

पुण्यात गणेशखिंडला प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. अशा प्रयोगशाळेत फाइल आली की आधी चित्र बघत बसत नाहीत, फाइलची बांधणी बघतात. एमपी४ फाइल म्हणजे डब्यांची उतरंड: एका डब्यात फाइलचा प्रकार, एकात फ्रेमची यादी आणि वेळा, एकात खुद्द चित्र. कोणता डबा आधी, कोणता नंतर, कशाला काय नाव, हे प्रत्येक फोनचं आणि प्रत्येक सॉफ्टवेअरचं ठरलेलं असतं. त्याच मॉडेलच्या फोनवर नवी क्लिप शूट करून शेजारी ठेवली की फरक दिसतो. एफएफएमपेग या मोफत साधनातून गेलेल्या फाइलमध्ये बहुधा ‘लॅव्हएफ’ अशी खूण राहते. अशी खूण म्हणजे फाइल पुन्हा जतन झाली एवढंच. लबाडी झाली असं त्यावरून म्हणता येत नाही, कारण साधं कातरणारं अ‍ॅपसुद्धा हेच करतं. आणखी एक सापळा वेळेचा: एमपी४ मधली निर्मितीची वेळ १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत, आणि नियमाने जागतिक वेळेत लिहिलेली असते. त्यात साडेपाच तास मिळवायचे राहिले की संध्याकाळी ७ ची क्लिप दुपारी दीडची वाटते.

त्यानंतर दाबणीचे माग. व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. एक पूर्ण फ्रेम, तिच्यामागे फक्त बदल नोंदवणाऱ्या बऱ्याच फ्रेम, मग पुन्हा एक पूर्ण. समजा दर २५ फ्रेमला एक पूर्ण आहे. मधल्या १० फ्रेम कापून कुणी क्लिप पुन्हा जतन केली, तर कापल्या जागेनंतर जुन्या गटांच्या सीमा नव्या गटांच्या पोटात येतात, आणि तिथे आधीच्या फ्रेमवरून पुढची बांधताना होणाऱ्या अंदाजातली चूक ठरावीक अंतराने उसळते. डोळ्यांना काही दिसत नाही, आलेखावर सुळके दिसतात.

फोटोतही असाच माग असतो, आणि तो अगदी हाताने करून बघता येतो. जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करतं, प्रत्येकाचे ६४ आकडे काढतं आणि प्रत्येक आकड्याला एका तक्त्यातल्या संख्येने भागून पूर्णांकात आणतं. समजा पहिल्यांदा भाजक ७ होता. उघडल्यावर आकडे ०, ७, १४, २१, २८, ३५ असेच मिळतात. आता ३ भाजकाने पुन्हा जतन केलं, तर ते ०, २, ५, ७, ९, १२ होतात. मधले १, ३, ४, ६, ८ जवळजवळ रिकामे राहतात. एकदाच जतन झालेल्या चित्रात अशा फटी नसतात. चित्राच्या एका भागात फटी आहेत आणि एका माणसाच्या आकृतीत नाहीत, तर ती आकृती दुसरीकडून आली असण्याची शक्यता तपासायला हवी. इंटरनेटवर रंगीत नकाशे दाखवून ‘उजळ भाग म्हणजे बनावट’ सांगणारी साधनं मात्र जपून वापरावीत; साडीच्या काठासारखा बारीक नक्षीचा भाग अस्सल फोटोतही उजळतो.

कॅमेऱ्याची ओळख पटवायची तर सेन्सरचा ठसा घेतात. सिलिकॉनवरचा प्रत्येक पिक्सेल प्रकाशाला किंचित कमीजास्त प्रतिसाद देतो, आणि हा पॅटर्न त्याच एका सेन्सरचा असतो. एकाच मॉडेलच्या दोन फोनचेही पॅटर्न वेगळे. २००६ मध्ये बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या जेसिका फ्रिड्रिच आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. जप्त फोनने एकसारख्या उजेडातल्या भिंतीचे किंवा आकाशाचे तीस-पन्नास फोटो घेतात, फार उजळ नकोत, फोकस नसला तरी चालतो. त्यांची सरासरी म्हणजे तो ठसा, आणि वादातला फोटो त्याच्याशी ताडतात. व्हॉट्सअ‍ॅपने लहान केलेल्या फोटोत ठसा विरतो. व्हिडिओत हादरे शमवणारं सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम थोडी सरकवतं, त्यामुळे तो जुळत नाही. नव्या फोनमध्ये अनेक फोटो जोडून एक बनवतात, त्यात दोन वेगळ्या फोनचे ठसेही जुळल्यासारखे वाटू शकतात. म्हणून त्याच मॉडेलचे आणखी काही फोन सोबत तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चेहऱ्यांसाठी शोधक सॉफ्टवेअर आहेत. ज्या प्रकारच्या नकलांवर ती शिकली त्या त्यांना ओळखू येतात. नव्या पद्धतीची नक्कल किंवा दोन-तीनदा फॉरवर्ड झालेली क्लिप आली की ती चुकतात. क्लिप किती टक्के बनावट, हा त्यांनी दिलेला आकडा हाच पुरावा समजणं आम्हाला धोक्याचं वाटतं. सावल्यांची रेषा त्याहून भरवशाची. एकाच दिव्याच्या किंवा सूर्याच्या उजेडात वस्तूचं टोक आणि त्याच्या सावलीचं टोक जोडणाऱ्या सगळ्या रेषा चित्रात एकाच बिंदूला मिळाव्या लागतात. पट्टी आणि पेन्सिल घेऊनही हे बघता येतं.

फुटेज मूळचं असूनही ते चुकीचं वाचलं जातं, आणि यात निरपराध माणूस अडकू शकतो. इथे तो फ्रेमचा आकडा येतो. कॅमेरा सेकंदाला १५ फ्रेमने रेकॉर्ड करत होता आणि प्लेअरने त्या २५ समजून चालवल्या, तर ताशी ३६ किलोमीटरची गाडी ताशी ६० ची दिसते. रात्री कॅमेरा इन्फ्रारेडवर गेला की काळा सिंथेटिक शर्ट पांढुरका दिसू शकतो, आणि साक्षीदार ‘काळा’ म्हणत असतो. नंबर प्लेटचं तर विचारूच नका. एमएच १२ नंतरचे आकडे जेमतेम पाच-सहा पिक्सेल उंच असतील, तर लागोपाठच्या वीस-तीस फ्रेम एकमेकींवर बसवून सरासरी काढणं योग्य आहे, कारण त्यात चित्रात असलेलीच माहिती गोळा होते. चित्र ‘धारदार’ करणारं एआय अ‍ॅप मात्र शिकलेल्या नमुन्यांवरून आकडा रचतं. पुसट ३ चा ते स्वच्छ ८ करून देईल. अशा चित्रावरून गाडीमालकाच्या दारात जाऊ नये.

आणि फक्त मॉनिटरवरून शूट केलेली ती क्लिप उरली असेल तर? ज्या मोबाइलने ती घेतली तो मिळवायचा आणि त्यातली फाइल थेट काढून घ्यायची. फॉरवर्डच करायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायची, तशी ती दाबली जात नाही. डीव्हीआर बंद करून डिस्क काढायची, लिहिणं अडवणाऱ्या उपकरणातून तिची बिट-बिट नक्कल घ्यायची आणि न पुसलेले तुकडे शोधायचे. चक्र नुकतंच फिरलं असेल तर काही मिनिटं सापडू शकतात. शिवाय नळ स्टॉपपर्यंतच्या इतर दुकानांचे कॅमेरे बघायचे. तीच पीएमपी बस, तोच क्रमांक, दोन कॅमेऱ्यांसमोरून जाताना दिसली की एका घड्याळाचा फरक माहीत असल्यावर दुसऱ्याचाही बऱ्याच जवळपास काढता येतो.