आलिशान स्पोर्ट्स कार डांबरी रॅलीत उतरवायचीय? परवाना, विमा आणि कागदपत्रं

"गाडी शोरूममधून आली तशीच आहे, फक्त टायर आणि ब्रेक पॅड बदललेत. रॅलीत लावता येईल का?" हा प्रश्न वर्षातून तीन-चारदा तरी येतो. विचारणारा इंदूरचाच, गाडी एमपी-09ची, चारशे घोड्यांच्या आसपासची, आणि तिने आजवर बायपास नि सुपर कॉरिडॉरपलीकडे फारसं काही पाहिलेलं नसतं. लावता येईल. पण रॅली कोणती, ते आधी ठरवा, कारण कागद त्याप्रमाणे बदलतात.

टीएसडी रॅलीत वेळ, वेग आणि अंतर यांचा हिशोब असतो. आयोजक रोडबुक देतात, त्यात वळणांची छोटी चित्रं असतात. ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने तुम्ही वाटेतल्या छुप्या चौक्यांवरून जायचं. लवकर आलात तरी दंड, उशिरा आलात तरी दंड. रस्ता वाहतुकीला खुला असतो, वेग कायद्याच्या आत असतो. इथे तुमची गाडी पूर्ण स्टँडर्ड, म्हणजे कंपनीतून आली तशीच चालते, आणि पहिल्यांदा उतरणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. बऱ्याच जणांना ते कमीपणाचं वाटतं. वाटू दे.

स्टेज रॅली वेगळी. रस्त्याचा ठरावीक टप्पा, म्हणजे स्टेज, वाहतुकीला बंद केलेला असतो, गाड्या ठरावीक अंतराने एकेक सोडतात आणि सगळ्यात कमी वेळ घेणारा जिंकतो. 'जवळजवळ स्टँडर्ड' हा शब्द अडतो तो इथे.

आपल्याकडच्या स्टेज रॅली बहुतांशी कच्च्या रस्त्यांवर होतात. खाली बसणारी, कमी ग्राउंड क्लिअरन्सची स्पोर्ट्स कार तिथे नेण्यात शहाणपण नाही. तिला डांबरच हवं. अशा गाड्यांसाठी जागतिक संघटना एफआयएने आर-जीटी नावाचा वर्गच ठेवला आणि 2015 पासून त्याचा स्वतंत्र कप चालवला. पोर्श, अबार्थ, अल्पिन या गाड्या त्यात धावल्या. ऑस्ट्रेलियातली टार्गा टास्मानिया ही रॅली 1992 साली सुरू झाली. तिच्यात डांबरी रस्त्यावर रोजच्या वापरातल्या महागड्या गाड्या घेऊन लोक मोठ्या हौसेने उतरत. तिथे 2021 मध्ये तीन आणि 2022 मध्ये एक स्पर्धक दगावला. खालची सुरक्षेची यादी वाचून "एवढं कशाला?" असं वाटलं, तर हे आकडे आठवावेत.

आता परवाना. भारतात हे काम चेन्नईच्या फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआयकडे आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा. वैध ड्रायव्हिंग लायसन्स, ओळखपत्र, फोटो, रक्तगट आणि डॉक्टरांचं फिटनेस प्रमाणपत्र जवळ ठेवा. फी आणि परवान्याच्या श्रेणी दरवर्षीच्या परिपत्रकात बघाव्यात, मित्राने मागच्या वर्षी भरलेला आकडा धरू नये. परवाना कॅलेंडर वर्षापुरता असतो. नोव्हेंबरात काढलात तर 31 डिसेंबरला संपतो, म्हणून घाई करून पैसे वाया घालवू नका. लोक हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे को-ड्रायव्हरलाही परवाना लागतो. मेहुणा शेजारी बसून नकाशा वाचणार असेल तरी त्याचाही अर्ज आजच भरा. परदेशातल्या रॅलीत उतरायचं तर आपल्या संघटनेची परवानगी वेगळी घ्यावी लागते. शिवाय आरटीओकडून फॉर्म 4-ए भरून आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट काढावं, ते एक वर्ष चालतं.

परवाना हातात येईपर्यंत आयोजकांची नियमावली मागवून वाचा. पहिल्या पानावर संघटनेच्या परमिटचा क्रमांक आहे का ते बघा. नसेल तर तिथेच थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणं आणि तिच्यात भाग घेणं, दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सिमरोलच्या घाटात पहाटे 'सराव' करणाऱ्यांनाही हेच कलम लागू पडतं, हे जाता जाता सांगतो. पीथमपूरच्या नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक तासाभराच्या अंतरावर असला, तरी ते गाड्यांचं चाचणी केंद्र आहे, आपलं मैदान नव्हे.

गाडीचे कागद

आरसी, पीयूसी आणि विमा चालू हवेत, हे सांगायला नको. खरी गुंतागुंत मालकीची असते. आपल्याकडे अशा गाड्या बऱ्याचदा फर्मच्या किंवा प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर घेतलेल्या असतात. मग चालवणारा मालक असला तरी कागदावर तो मालक नसतो. फर्मच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह संमतीपत्र घ्या. कंपनी असेल तर ठरावाची प्रत जोडा. गाडी कर्जावर असेल तर बँकेलाही आधी लेखी विचारा, कारण आरसीवर तिचा बोजा चढलेला असतो.

आणि विमा. पॉलिसी काढा आणि 'वापराच्या मर्यादा' हा भाग वाचा. संघटित शर्यत, पेस मेकिंग, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची परीक्षा) या वापरांना संरक्षण नाही, असं तिथे छापलेलं असतं. दीड कोटीची गाडी स्टेजवर झाडाला लागली तर सर्वसाधारण पॉलिसीवर एक रुपया मिळणार नाही. मोटर टॅरिफमध्ये रॅलीसाठी आयएमटी 31 ही वेगळी पुरवणी आहे. विमा कंपनीला ईमेल करून ती मिळेल का, किती हप्त्यात, कोणत्या दिवसांसाठी आणि स्टेज धरून की वगळून, हे लेखी घ्या. एजंटाच्या "हो जाएगा भिया"वर विसंबू नका.

गाडीत काय बदलावं लागतं

टीएसडीसाठी जवळजवळ काहीच नाही. अग्निशामक, लाल त्रिकोण आणि प्रथमोपचार पेटी ठेवा, बास.

स्टेजसाठी मात्र रोल केज, म्हणजे गाडीच्या आतला नळ्यांचा संरक्षक सांगाडा, आलाच. एफआयएच्या नियमात मुख्य कमान 45 मिलिमीटर व्यासाच्या आणि अडीच मिलिमीटर जाडीच्या, जोड नसलेल्या पोलादी नळीची लागते. आलिशान गाडीत तो बसवायचा म्हणजे चामड्याचं अस्तर, छताचं कापड, मागची सीट सगळं बाहेर. पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग नळ्यांच्या आड येतात, त्या बंद कराव्या लागतात. विजेच्या सीटा काढून रेसिंग सीट बसवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि काही गाड्या त्यावर रुसून बसतात. हे काम त्या मॉडेलची वायरिंग ओळखणाऱ्याकडूनच करून घ्या.

केज बसल्यावर ती गाडी रोजच्या वापराची राहत नाही, हे घरच्यांनाही आधी सांगा. हेल्मेटशिवाय बसलेल्या माणसाचं डोकं त्या नळीपासून वीतभर अंतरावर असतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा पडेल असा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच सांगितलं. म्हणून गाडी रॅलीच्या गावापर्यंत फ्लॅटबेडवर (सपाट ट्रकवर) लादून न्या, आणि आरसीबद्दल आपल्या आरटीओत आधीच बोला.

बाकी सामानाची नावं नियमावलीत असतात: हेल्मेट, मानेचं हॅन्स उपकरण, अग्निरोधक सूट, आतले कपडे, मोजे, बूट. हातमोजे ड्रायव्हरला सक्तीचे, को-ड्रायव्हरला नाहीत, कारण त्याला पानं उलटायची असतात. बॅटरीचा प्रवाह तोडायची कळ बाहेरूनही ओढता आली पाहिजे, आणि तिच्याजवळ पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल विजेची खूण हवी. गाडी ओढायचा टो हुक बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये बंपरच्या झाकणामागे आटे फिरवून बसवायचा असतो. तो आधीच बसवून भडक रंगवा, चिखलात झाकण शोधत बसू नका. बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच नसते, फक्त पंक्चरचं रसायन असतं. स्टेजवर टायर फाटला की ते रसायन काहीच कामाचं नाही.

आता माझी फजिती. मी को-ड्रायव्हर असताना आम्ही सहापॉइंटी बेल्ट सेकंडहँड घेतले, दिसायला कोरे. स्क्रुटिनीला, म्हणजे रॅलीआधीच्या तपासणीला, अधिकाऱ्याने खांद्याचा पट्टा उलटा केला, शिवलेलं लेबल अंगठ्याने सरळ केलं, साल वाचलं आणि नुसतं आमच्याकडे बघितलं. मुदत संपलेली होती. संध्याकाळपर्यंत उसने बेल्ट शोधत अख्खा सर्व्हिस पार्क (गाड्या दुरुस्त करायचा तळ) पालथा घातला. तेव्हापासून सीट, बेल्ट, हेल्मेट काहीही घेताना मी आधी लेबल बघतो, मग किंमत. अग्निशामकाचंही तसंच: भरल्याची तारीख दोन वर्षांच्या आतली हवी.

प्रवेशिका, फी आणि दोघांच्या सह्यांचं हमीपत्र मुदतीच्या आत पोहोचवा. हमीपत्र स्टॅम्प पेपरवर मागितलं असेल तर ते रॅलीच्या गावात शोधू नका, इथूनच करून न्या. मूळ कागद एका फाइलमध्ये आणि झेरॉक्स दुसऱ्या फाइलमध्ये ठेवा. दोन्ही को-ड्रायव्हरच्या ताब्यात द्या.

पहिल्यांदा जाणाऱ्यांची आणखी एक चूक. दोन स्टेजमधला रस्ता सार्वजनिक असतो, तिथे सिग्नल आणि वेगमर्यादा सगळ्यांसारख्याच. जोशात लोक तिथेही पळवतात आणि टाइम कंट्रोलवर (वेळ नोंदवायच्या चौकीवर) वेळेआधी शिरतात. एफआयएच्या नियमात उशिराला दर मिनिटामागे दहा सेकंद दंड आहे, तर लवकर येण्याला दर मिनिटामागे पूर्ण एक मिनिट. तेव्हा कंट्रोलच्या पाटीअलीकडे गाडी उभी करा, घड्याळ बघा, आणि को-ड्रायव्हरने "आता" म्हटल्यावरच पुढे सरका.