औंधात परदेशी तळ? नाही हो!

औंधच्या लष्करी केंद्रात परदेशी गणवेश दिसले की व्हॉट्सॲपवर ठरलेला निरोप फिरतो: 'पुण्यात अमेरिकेला तळ दिला.' हे खरं नाही.

मार्च 2016 मध्ये इथे 'फोर्स 18' हा सराव झाला. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचे तेव्हाचे दहा देश, शिवाय भारत, अमेरिका, रशिया, चीन, जपान वगैरे आठ. विषय होते सुरुंग काढणे आणि शांतिसेनेचं काम. भारतीय तुकडीचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांनी केलं. आता चिनी आणि अमेरिकी सैनिक एकाच मैदानावर होते, तर तळ नेमका कोणाचा? सराव संपला, पाहुणे परतले. डिसेंबर 2021 मध्ये बिमस्टेक, म्हणजे बंगालच्या उपसागराशी जोडलेल्या देशांच्या गटाचा 'पॅनेक्स' सराव पुण्यातच झाला, तो तर आपत्ती निवारणाचा.

या अफवेला जोड मिळते ती 2016 च्याच लेमोआ या भारत-अमेरिका कराराची. त्यात इंधन, दुरुस्ती, रसद एकमेकांना पुरवून पैसे चुकते करायचे, एवढंच आहे. तळ देण्याची तरतूद नाही.

अमेरिकेच्या नॅशनल गार्डची, म्हणजे तिथल्या राज्यांच्या राखीव सैन्याची राज्य भागीदारी योजनाही अशीच गैरसमजात सापडते. तिच्यात एका राज्याच्या गार्डची एखाद्या देशाशी जोडी लावतात. गार्डमधले बहुतेक जण एरवी नोकरी-धंदा करणारे, म्हणजे आपल्या प्रादेशिक सेनेसारखे (टेरिटोरियल आर्मी). 1993 मध्ये बाल्टिक देशांपासून ही योजना सुरू झाली. एस्टोनियाची जोडी मेरीलँडशी, लाटव्हियाची मिशिगनशी, लिथुआनियाची पेनसिल्व्हेनियाशी. संयुक्त प्रशिक्षण आणि पूर-भूकंपातल्या मदतीची तयारी हा तिचा मोठा भाग. हे तिन्ही देश 2004 मध्ये नाटो या लष्करी आघाडीत गेले, पण त्यासाठी त्यांना वेगळा करार करावा लागला; म्हणजे ही योजना स्वतः लष्करी युती नव्हे.