गाडी ड्रायव्हरला सावध करायला लागली ती कधीपासून

समोरची गाडी फार जवळ आली की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, बीप वाजतो, आणि बहुतेकांना वाटतं की हे सगळं गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं. पण १९५९ मध्येच जनरल मोटर्सने कॅडिलॅक सायक्लोन नावाची गाडी दाखवली होती, तिच्या पुढच्या दोन काळ्या टोकांत रडार, वाटेत काही आलं की आवाज आणि दिवा दोन्ही. ती विक्रीला आलीच नाही.

मग एवढी वर्षं का गेली? एक तर रडार तेव्हा मोठं आणि महाग. पण खरी अडचण मला वाटते ती खोट्या इशाऱ्यांची, कारण वळणावरचं रेलिंग काय, डोक्यावरचा बोर्ड काय, पूल काय, रडारला सगळं सारखंच, आणि चार वेळा उगाच बीप ऐकला की पाचव्यांदा कोण लक्ष देतंय? १९९२ मध्ये मित्सुबिशीने डेबोनेअर गाडीत लेझरने अंतर मोजून इशारा द्यायची सोय आणली, ब्रेक मात्र ड्रायव्हरनेच मारायचा. रडार १९९९ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं.

दुसरी वाट रेडिओची, आणि तिचं श्रेय फार कमी दिलं जातं. १९७४ मध्ये पश्चिम जर्मनीत एआरआय नावाची, गाडीतल्या रेडिओवर ट्रॅफिकची बातमी पोचवायची सोय सुरू झाली. ट्रॅफिकची बातमी आली की स्टेशन एक खास सिग्नल सोडायचं, तो मिळाला की गाडीतला रेडिओ कॅसेट थांबवून किंवा आवाज वाढवून बातमी ऐकवायचा, म्हणजे वळणापलीकडचा धोका, जो कुठल्याच रडारला दिसत नाही, तो ड्रायव्हरच्या कानावर पडायचा!

फक्त त्याला वेळ लागायचा. आधी कुणीतरी कळवायचं, मग निवेदक वाचणार, आणि ऐकणार अख्खा प्रदेश. ताशी ९० किलोमीटरने गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, तिथे पाच मिनिटांचा उशीर म्हणजे साडेसात किलोमीटर. जपानने १९९६ मध्ये व्हिक्स नावाची सेवा सुरू करून ट्रॅफिकची माहिती थेट गाडीतल्या नकाशावर आणली, तेव्हा निवेदकाची गरज उरली नाही, पण माहिती अजून रस्त्यावरच्या यंत्रणेकडूनच यायची. २०१६ मध्ये व्होल्वोने स्वीडन-नॉर्वेत पुढचं पाऊल टाकलं: एका गाडीने हॅझार्ड लाइट लावले की मागून येणाऱ्या, ती सोय असलेल्या गाड्यांना इंटरनेटवरून लगेच कळतं, मधे कुणी फोन करायची गरज नाही.