फिशटँकच्या तळाची वाळू

घरच्या फिशटँकमध्ये वाळू घालायची ती शोभेसाठी, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात टाकीतल्या पाण्याचे आरोग्य या तळाच्या थराशी जोडलेले असते, आणि म्हणून वाळूच्या रंगापेक्षा थराची जाडी कितीतरी महत्त्वाची आहे.

मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात आणि उरलेले खाद्य कुजूनही तोच तयार होतो. वाळूच्या कणांवर वस्ती करणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व नंतर पुष्कळ कमी घातक असे नायट्रेट करतात. मात्र या कामाला ऑक्सिजन लागतो. बारीक वाळूतल्या फटी इतक्या अरुंद असतात की त्यांतून पाणी जवळजवळ वाहत नाही, आणि वरून हळूहळू झिरपणारा ऑक्सिजन वाटेतच संपतो. त्याखाली काही जिवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात, हे हिताचेच. पण थर फार जाड असेल, तर तळाशी सडक्या अंड्यांसारख्या वासाचा, माशांना विषारी असा हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ लागतो. काचेतून वाळूत दिसणारे काळे डाग बहुधा लोह आणि सल्फाइड यांच्या संयुगाचे असतात. म्हणून मुळे धरणाऱ्या वनस्पती लावायच्या नसतील, तर 2 ते 3 सेंटिमीटर थर पुरे. 60 बाय 30 सेंटिमीटर तळाच्या टाकीला 3 सेंटिमीटर थरासाठी साधारण साडेआठ किलो वाळू लागते.

वाळू कुठली, हेही पाहायला हवे. बांधकामाची क्रश सँड टाळावी. तिचे कण धारदार असतात आणि दगडाची भुकटी पाणी गढूळ करते. कोकणच्या किनाऱ्यावरील वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तर देशावरच्या नदीच्या वाळूतही चुनखडीचे खडे सापडतात, आणि दोन्हींमुळे पाण्याचा जडपणा वाढतो. चमचाभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे उठले, तर तीत चुना आहे.

तळाशी चरणाऱ्या माशांना गुळगुळीत वाळू मानवते. कृष्णेच्या खोऱ्यातला, सह्याद्रीच्या ओढ्यांत राहणारा झेब्रा लोच मिशांनी तळ चाचपत अन्न शोधतो. कोरिडोरास तर तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांवाटे सोडतो. धारदार खडीवर या नाजूक मिशा सोलवटण्याची भीती असते.

वाळू बादलीत घोळून, वरचे पाणी नितळ येईपर्यंत धुवावी, आणि फिल्टरचे तोंड तळापासून चार बोटे वर ठेवावे, नाहीतर वर उडालेले कण पंपात शिरून त्याचा पंखा झिजवतात.