मसल कार : रोजच्या वापरातील जुन्या गाडीच्या पहिल्या सुधारणा

मध्यम आकाराच्या अमेरिकन गाडीत मोठ्या गाडीचे व्ही-८ इंजिन घालून, बेताच्या किमतीत जोरदार पळणारी जी गाडी तयार झाली तिला मसल कार म्हणतात. पॉन्टिअ‍ॅकने १९६४ मध्ये टेम्पेस्ट लमान्स गाडीला ३८९ घन इंचांचे (सुमारे ६.४ लिटर) इंजिन देऊन जीटीओ बाजारात आणली, तेव्हापासून हा प्रकार रुळला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. फोर्ड मस्टँग (एप्रिल १९६४) आणि शेवरोले कॅमारो (१९६७ चे मॉडेल) या लहान गाड्या काटेकोरपणे पाहिल्यास ‘पोनी कार’ ठरतात, पण गॅरेजात आणि बोलण्यात त्या याच पंगतीला बसतात. १९७९ ते १९९३ मधील ‘फॉक्स बॉडी’ मस्टँगही आता जुन्या मसल कारांतच गणली जाते.

प्रदर्शनात झळकणारी किंवा ट्रेलरवरून शर्यतीला नेली जाणारी गाडी हा या नोंदीचा विषय नाही. सकाळी कामावर नेणारी, येताना किराणा आणणारी, पावसात वायपर चालवत घरी पोहोचवणारी जुनी गाडी इथे अभिप्रेत आहे. अशा गाडीच्या मालकाकडे पैसा मोजका असतो आणि गाडी आठवडाभर जॅकवर ठेवणे परवडत नाही. म्हणून पहिला पैसा कुठे घालायचा हा प्रश्न त्याच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. त्याचे उत्तर बहुतेक वेळा एकच असते: कंपनीने त्या काळी जिथे हात आखडता घेतला, तिथून सुरुवात करावी. साठच्या दशकात तो ब्रेक आणि टायरांवर आखडला गेला, सत्तरच्या दशकात इंजिनाच्या श्वासावर, आणि ऐंशीच्या दशकात मागच्या अ‍ॅक्सलच्या गिअरवर.

अश्वशक्तीच्या आकड्यांमुळे इथे पुष्कळ गैरसमज होतो. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या ‘ग्रॉस’ अश्वशक्ती छापत. त्या मोजणीत इंजिन स्टँडवर असे. गाडीतला एअर फिल्टर, पूर्ण एक्झॉस्ट, पट्ट्यावर फिरणारी उपकरणे यांचा भार त्यावर नसे. १९७२ पासून सर्वत्र ‘नेट’ आकडा आला. शेवरोलेच्या १९७१ च्या कॉर्व्हेट स्पोर्ट्स गाडीतील एलटी-१ इंजिनाचे ग्रॉस आणि नेट असे दोन्ही आकडे उपलब्ध आहेत: ३३० आणि २७५. इंजिन तेच, फरक फक्त मोजण्यातला. त्याच सुमारास कमी शिशाच्या पेट्रोलसाठी जनरल मोटर्सने (पॉन्टिअ‍ॅक आणि शेवरोलेची मूळ कंपनी) कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात मिश्रण दाबण्याचे प्रमाण, उतरवले, १९७५ मध्ये धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि त्या वर्षीच्या साध्या कॉर्व्हेटला १६५ अश्वशक्ती उरली. म्हणून ‘माझ्या गाडीची ताकद गेली’ अशी तक्रार करण्याआधी ती मूळची किती होती हे पाहावे.

आधी गाडी मूळपदावर. पन्नास वर्षांची गाडी सहसा कंपनीने दिली तशी चालतच नसते. व्हॅक्यूमच्या नळ्या तडकलेल्या, कार्ब्युरेटरचा चोक अर्धवट अडकलेला, पेट्रोलचे रबरी पाइप आतून सोललेले. इथेनॉलमिश्रित पेट्रोलला त्या काळचे रबर टिकत नाही, त्यामुळे हे पाइप नव्या प्रतीचे घालणे ही सुधारणा नसून आग टाळण्याची काळजी आहे. प्लग, प्लगच्या वायरी, फिल्टर, कॉम्प्रेशनची चाचणी आणि टायमिंग (प्लगची ठिणगी कोणत्या क्षणी पडते ते) एवढे नीट झाले, तरी पुष्कळ गाड्या ‘नवीन पार्ट टाकल्यासारख्या’ वाटू लागतात.

टायमिंगमध्ये एक फसगत ठरलेली असते. क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर हार्मोनिक बॅलन्सर नावाचे जड चाक असते. त्यात आतला भाग आणि बाहेरचे कडे यांच्यामध्ये रबराचा थर असतो. रबर म्हातारे झाले की बाहेरचे कडे घसरते, आणि टायमिंगची खूण असते नेमकी त्याच कड्यावर. टायमिंग लाइट मारला की खूण १० अंशांवर लख्ख दिसते, प्रत्यक्षात इंजिन ४ वर किंवा १८ वर चालत असते. एकात गाडी मरगळते, दुसऱ्यात चढावर इंजिन खडखडते. म्हणून बॅटरीची वायर काढून पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा बोल्ट) बसवावा, इंजिन हाताने एका दिशेने अडेपर्यंत फिरवून बॅलन्सरवर खडूची रेघ ओढावी, मग उलट फिरवून दुसरी. दोन रेघांचा मध्य हा खरा टॉप डेड सेंटर, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतानाची जागा. कंपनीची खूण तिथे नसेल तर बॅलन्सर बदलावा, कारण सैल कडे पुढेमागे निखळूही शकते.

डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागातल्या) पॉइंटच्या, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांच्या, जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणे हा रोजच्या गाडीसाठी स्वस्तातला उत्तम बदल. पॉइंट झिजतात, त्यांचे अंतर बदलते आणि त्याबरोबर टायमिंगही सरकते. मात्र जनरल मोटर्सच्या जुन्या गाडीत नंतरच्या काळातला एचईआय (त्याच कंपनीचा इलेक्ट्रॉनिक) डिस्ट्रिब्युटर बसवताना जुनीच वायर जोडली की घोटाळा होतो. ती मुद्दाम रोध असलेली वायर असते आणि कॉइलला कमी व्होल्ट पोहोचवते. एचईआयला पूर्ण १२ व्होल्ट लागतात, तेव्हा नवी वायर ओढावी. शर्यतवाल्यांचे पाहून व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी बंद करणाराही चुकतो. निवांत वेगात ठिणगी लवकर पाडून पेट्रोल वाचवणारी आणि इंजिन थंड ठेवणारी ती यंत्रणा रोजच्या गाडीत हवीच.

साठच्या दशकातली गाडी : थांबणे आणि वळणे. १९६५-६६ ची साधी मस्टँग घ्या. चारही चाकांना ड्रम, आणि मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकच्या तेलात उतरवणारा भाग) एकाच खणाचा. चारांपैकी एक पाइप फुटला की पेडल खाली जाते आणि चारही ब्रेक जातात. दोन स्वतंत्र सर्किटांचा मास्टर सिलिंडर १९६७ च्या मॉडेलपासून आला. त्याआधीची गाडी रोज रस्त्यावर आणायची तर हा बदल इंजिनाच्या कुठल्याही पार्टच्या आधी व्हावा. यात मतभेदाला जागा नाही. पुढे डिस्क बसवण्यासाठी फोर्डच्याच १९७५-८० मधील ग्रॅनाडा गाडीचे स्पिंडल (चाक ज्यावर फिरते तो भाग) आणि डिस्क वापरण्याची जुनी, चोख रीत आहे. डिस्क आल्या की मास्टर सिलिंडरही त्यांच्या जोडीचा लागतो. ड्रमसाठीच्या सिलिंडरमध्ये पाइपात थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते. ती राहिली तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात, चाके तापतात आणि मालक विनाकारण बेअरिंगला दोष देतो. मागच्या ड्रमचा दाब आवरायला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही लागतो, नाहीतर जोरात ब्रेक मारताच मागची चाके आधी जाम होतात.

टायरच्या कडेला कोरलेल्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे बघावेत. २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३ वा आठवडा. अशा गाड्या वर्षानुवर्षे उभ्या असतात, त्यामुळे नक्षी नव्यासारखी आणि रबर मात्र लाकडासारखे, असे टायर सर्रास सापडतात. चाकांच्या मूळ अलाइनमेंटचे आकडे त्या काळच्या बायस-प्लाय टायरांसाठी होते. आजचे रेडियल घातल्यावर पुढच्या चाकांना अधिक पॉझिटिव्ह कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) दिला की सरळ रस्त्यावर स्टिअरिंगशी चाललेली झटापट थांबते. पहिल्या पिढीच्या मस्टँगमध्ये वरचा कंट्रोल आर्म (चाक धरणारा सस्पेन्शनचा दांडा) एक इंच खाली घेण्याचा उपाय तर जवळजवळ फुकटचा आहे. फोर्डचे अभियंता क्लाउस आर्निंग यांच्या नावाने तो ओळखला जातो, आणि शेल्बी कंपनीने सुधारलेल्या मस्टँगांत तो वापरला गेला. चार भोके मापाने पाडायची की गाडी वळणावर वेगळीच होते. पैशाच्या मानाने एवढे देणारी दुसरी सुधारणा या गाडीत नाही.

खांद्यावरून जाणारे पट्टे अमेरिकेत पुढच्या सीटना १९६८ च्या सुरुवातीपासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाडीत फक्त कमरेचे पट्टे असतात, तेही याच खर्चात बदलून घ्यावेत.

तापमानाचे दुखणे बहुधा रेडिएटरपेक्षा पंख्याच्या आवरणात असते. कुणीतरी कधीतरी ते काढून फेकलेले असते आणि पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची हवा घुसळत राहतो. थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उपाय नव्हे.

सत्तरचे दशक : श्वास. या गाडीला हवा आत घेऊ द्यावी आणि धूर बाहेर जाऊ द्यावा. दोन बॅरलच्या (हवेच्या वाटांच्या) कार्ब्युरेटरऐवजी चार बॅरलचा, ड्युअल-प्लेन मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा-पेट्रोल वाटणारी नळीजोडणी), आणि दुहेरी एक्झॉस्ट ही चालत आलेली जोडणी. फोर्डच्या २८९ इंजिनात १९६५ साली दोन बॅरलला २०० आणि चार बॅरलला थोड्या जास्त कॉम्प्रेशनसह २२५ अश्वशक्ती (ग्रॉस) मिळत होती, त्यावरून मिळकतीचा अंदाज येतो.

कार्ब्युरेटर घेताना मोठेपणाचा मोह नडतो. इंजिनाचे घन इंच गुणिले मिनिटाला कमाल फेरे, भागिले ३,४५६, एवढे साधे गणित आहे. ३५० घन इंचांचे इंजिन ५,५०० फेऱ्यांपर्यंत न्यायचे तर हवेची गरज ५५७ घनफूट प्रतिमिनिट येते. इंजिन प्रत्यक्षात सुमारे ८५ टक्केच भरते असे धरल्यास सुमारे ४७५. म्हणजे ६०० चा कार्ब्युरेटर भरपूर झाला. ७५० चा साधा, चारही भोके सारखी असलेला कार्ब्युरेटर लावला की सिग्नलवरून निघताना इंजिन गुदमरते. रॉचेस्टरचा क्वाड्राजेट ७५० चा असूनही त्रास देत नाही, कारण त्याची पुढची दोन भोके लहान असतात आणि रोजचे चालणे त्यांवरच होते. तो चांगल्या स्थितीत असेल तर फेकू नये, दुरुस्त करून घ्यावा.

एक्झॉस्टचे लांब हेडर पाइप वरच्या फेऱ्यांत ताकद देतात. पण गॅस्केट गळते, प्लग बदलताना हात भाजतो, स्टार्टर तापून गाडी पेट्रोल पंपावर परत चालू होत नाही. रोजच्या गाडीला आधी बिनअडथळ्याचा दुहेरी एक्झॉस्ट पुरतो.

कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) सर्वांआधी बदलणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक. आयडलला इंजिन डुलते, तो आवाज कुणालाही भुरळ घालतो. पण मोठ्या कॅमने मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पडतो आणि पॉवर ब्रेक त्याच व्हॅक्यूमवर चालतात. ताकद वरच्या फेऱ्यांत सरकते, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा टॉर्क कॉन्व्हर्टर आणि मागचा गिअर मात्र खालच्या फेऱ्यांचेच राहतात. त्यात जुन्या फ्लॅट टॅपेट (घासत चालणाऱ्या) कॅमला जस्तयुक्त तेल लागते आणि पहिली वीस-तीस मिनिटे इंजिन सुमारे २,००० फेऱ्यांवर सलग चालवावे लागते. हे चुकले तर कॅमचे लोब घासून त्याचा चुरा साऱ्या बेअरिंगांत जातो.

ऐंशीचे दशक : मागचा गिअर. १९८२ च्या ५ लिटर मस्टँग जीटीला १५७ अश्वशक्ती होती, १९८७ मध्ये ती २२५ झाली. हेडरसारखे नळीदार एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रोलर टॅपेट कंपनीनेच दिलेले. मग कमी काय होते? पाच गिअरच्या टी-५ गिअरबॉक्समागे पेट्रोल वाचवण्यासाठी २.७३ चा (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे २.७३ फेरे) अ‍ॅक्सल. २२५/६० आर १५ टायरांवर, ताशी १०५ किलोमीटर (६५ मैल) वेगाने, ०.६८ च्या पाचव्या गिअरमध्ये इंजिन जेमतेम १,५८० फेरे फिरते. तिथून अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर गाडी विचार करत बसते. क्राउन-पिनियन (अ‍ॅक्सलमधली गिअरची जोडी) ३.५५ चे घातले की त्याच वेगाला सुमारे २,०६० फेरे होतात, ३.७३ ला २,१६०. आणि प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा जोर अनुक्रमे ३० आणि ३७ टक्क्यांनी वाढतो. एवढा फरक रोज, प्रत्येक सिग्नलवर जाणवतो. या गाडीची पहिली सुधारणा विचारली तर उत्तर हेच.

हाच ३.७३ चा गिअर तीन गिअरच्या ऑटोमॅटिक कॅमारोत घातला तर, २६ इंची टायरांवर, त्याच वेगाला इंजिन ३,१३० फेरे ओरडत राहते, कारण तिला ओव्हरड्राइव्ह (फेरे कमी करणारा वरचा गिअर) नाही. तिथे आधी ०.७० ओव्हरड्राइव्हचा ७००आर४ गिअरबॉक्स बसवावा, म्हणजे फेरे २,१९० वर येतात. त्याची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल मात्र डोळ्यांत तेल घालून जुळवावी. ती चुकीची राहिली तर आतला दाब कमी पडून क्लच थोड्याच काळात जळतात.

क्राउन-पिनियन बसवणे सरावाच्या हाताचे काम आहे. दातांवर रंगाचा लेप लावून चक्र फिरवायचे, ठसा दाताच्या मध्यावर उमटेपर्यंत शिम (पातळ चकत्या) बदलायचे. घाई केली तर अ‍ॅक्सल कायमचा रडत राहतो. स्पीडोमीटरचा छोटा प्लास्टिकचा गिअरही बदलावा, नाहीतर काटा खोटे सांगतो.

फॉक्स बॉडीत मूळ टायमिंग १० अंशांवरून १४ पर्यंत नेण्याची पद्धत आहे. मग चढे ऑक्टेनचे पेट्रोल घालावे लागते. टायमिंग बघताना डिस्ट्रिब्युटरजवळचा ‘स्पाउट’ नावाचा चिमुकला जोड उपसून ठेवावा लागतो. काम झाल्यावर तो तसाच फेंडरवर विसरला, तर कॉम्प्युटरचा अ‍ॅडव्हान्स इंजिनापर्यंत पोहोचत नाही आणि गाडी आधीपेक्षा सुस्त होते. कॅम बदलण्याचे मनात असेल तर सालही बघावे: १९८९ पासून (कॅलिफोर्नियात १९८८ पासून) आलेला मास-एअर सेन्सर येणारी हवा थेट मोजतो, त्याआधीची यंत्रणा मॅनिफोल्डच्या दाबावरून अंदाज बांधते आणि मोठ्या कॅमने गोंधळते. गिअर आणि टायर जोर धरू लागले की या गाडीचा पातळ सांगाडा पिळवटतो, मागचे टॉर्क बॉक्स (मागच्या अ‍ॅक्सलचे दांडे जिथे अडकतात ते पत्र्याचे भाग) तडकतात. त्यावर उपाय म्हणून पुढचा आणि मागचा सांगाडा जोडणारे सबफ्रेम कनेक्टर वेल्ड करताना गाडी चाकांवर उभी असावी. लिफ्टवर लटकत असताना वेल्ड केले तर वाकलेला आकार कायम होतो.

कायदा. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार प्रदूषण नियंत्रणाची मूळ उपकरणे काढणे बेकायदेशीर आहे, मग त्या राज्यात तपासणी होत असो वा नसो. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलांच्या गाड्यांना स्मॉग (धुराच्या) तपासणीतून सूट आहे. १९७६ पासूनच्यांना ती दर दोन वर्षांनी द्यावी लागते. या गाड्यांसाठी इनटेक, हेडर असे पार्ट घेताना राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक त्या वर्षाच्या आणि त्या इंजिनाच्या गाडीला लागू आहे ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. पार्टसोबत त्या क्रमांकाची चिकटपट्टी मिळते. ती डब्यात न ठेवता बोनेटखाली दिसेल अशी लावावी. तपासनीस तोच क्रमांक पडताळून पाहतो.